बुरूड राजाचा कोट : जो किल्ला नव्हताच

१/
नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस, वसई-विरारच्या दाट वस्तीच्या कुशीत, भाजक्या विटांचा एक गोल उंचवटा उभा आहे. गावकरी त्याला पिढ्यान्‌पिढ्या 'बुरूड राजाचा कोट' म्हणत आले. १८८२ साली हा 'कोट' खणला गेला. त्यातून बुरूज निघाला नाही, दरवाजा निघाला नाही, तोफेचा गोळाही निघाला नाही. निघाले ते मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे, आणि तेही सोन्याच्या डबीत ठेवलेले. चुकीच्या नावाने ओळखल्या गेलेल्या या विटांचा इतिहास या धाग्यात. 🧵

२/
समुद्रकाठच्या या उंचवट्याचा वऱ्हाडाशी काय संबंध, असा प्रश्न मोर्शी-अचलपूरकडील वाचकाला पडेल. नालासोपारा मोर्शीहून रस्त्याने सहाशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. परंतु गावाबाहेरचे टेकाड, त्यात अधूनमधून निघणाऱ्या मोठाल्या विटा आणि त्याला चिकटलेले 'गढी', 'कोट' किंवा 'पांढरी' हे नाव वऱ्हाडातील अनेक गावांना परिचित आहे. सोपाऱ्यात जे घडले ते अशा कोणत्याही टेकाडाबाबत घडू शकते. म्हणून ही कथा कोकणाची असली तरी तिचा धडा वऱ्हाडासाठीही आहे.

३/
प्रथम गावाची ओळख. आजचे सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. महाभारतात हे नाव येते, पाली वाङ्मयात 'सुप्पारक' म्हणून येते. 'दिव्यावदान' या बौद्ध ग्रंथात पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा आहे. समुद्रप्रवास करून धनवान झालेला हा शूर्पारकचा रहिवासी पुढे भिक्षू झाला आणि त्याच्या निमंत्रणावरून स्वतः बुद्ध शूर्पारकात आले, असे ती कथा सांगते. कथेला इतिहास मानण्याचे कारण नाही. मात्र बौद्ध परंपरेच्या स्मरणात या बंदराचे स्थान किती मोठे होते, हे तिच्यावरून कळते.

४/
ग्रंथांच्या पलीकडे दगडावरचे पुरावेही आहेत. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग या ठिकाणी आपण विश्रामगृहे बांधल्याचे त्यात नमूद आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक भाषिक लेखकाच्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत सुप्पारा आणि कल्याण ही बंदरे एकापाठोपाठ येतात. त्याच ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, येथून गाड्यांनी भरुकच्छाकडे जाणाऱ्या मालाचा उल्लेख आहे. पश्चिम किनारा आणि दख्खनचे कापसाचे पठार तेव्हाही एकाच व्यापाराच्या धाग्याने जोडलेले होते.

५/
याहून जुना पुरावा मौर्यकाळाचा. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा १८८२ मध्ये सोपाऱ्यातच सापडला. शिकारीच्या सहली सोडून राजाने धर्मयात्रा सुरू केल्या, हा त्या लेखाचा आशय. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. अशोकाने आपले लेख जिथे माणसांची वर्दळ होती अशा जागी कोरविले. तेव्हा इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात सोपारा हे केवळ मासेमारीचे खेडे नव्हते, एवढे निश्चित.

६/
मग हे वैभव विस्मरणात कसे गेले? मध्ययुगात व्यापाराची ओढ ठाणे, चौल अशा बंदरांकडे वळली. शिलाहारांच्या काळापर्यंत सोपाऱ्याचे नाव टिकले. अरब लेखक त्याला 'सुबारा' म्हणत. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि तिथे दगडी तटांचा प्रचंड किल्ला उभा राहिला. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी तो जिंकला. उत्तरेस समुद्रात अर्नाळ्याचा जलदुर्ग. ज्या परिसरात चारी बाजूंना तट आणि बुरूजच दिसत होते, तिथे विटांच्या ओळखू न येणाऱ्या ढिगालाही लोकांनी 'कोट' म्हटले, यात नवल नाही.

७/
पण राजा बुरूड का? बुरूड म्हणजे बांबूच्या कामट्यांपासून सुपे, टोपल्या, डालगी विणणारा कारागीर समाज. संस्कृतात 'शूर्प' म्हणजे सूप. शूर्पारक या नावातच सूप दडलेले आहे, आणि सूप विणणारा तो बुरूड. गावाचे नाव आणि दंतकथेतील राजा यांच्यातील हे साम्य लक्षणीय आहे. लोकपरंपरेने इतिहास विसरला, पण पोकळी तशीच ठेवली नाही. हाताशी असलेल्या शब्दांतून एक राजा घडवला आणि त्याला किल्लाही बहाल केला.

८/
आता खणणाऱ्याविषयी. पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९–१८८८) हे मूळचे जुनागढचे. गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या शिलालेखांनी त्यांना लहानपणीच वेड लावले. पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी त्यांनी देशभर फिरून लेखांचे ठसे घेतले. ते लिहीत गुजरातीत. त्यांचे शोधनिबंध इंग्रजीत अनुवादित होऊन प्रसिद्ध होत. लायडन विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्पबेल यांच्यासोबत त्यांनी सोपाऱ्याची पाहणी केली, आणि १८८२ च्या एप्रिलमध्ये 'कोटा'वर कुदळ पडली.

९/
खणण्याआधीच काही खुणा बोलत होत्या. उत्तर कोकणात काळा पाषाण मुबलक आहे. वसईचा तट दगडाचाच आहे. दगडाच्या प्रदेशात एवढी वीट कोणी आणि कशासाठी वापरली असेल? दुसरी खूण आकाराची. तटाची भिंत लांब धावते, कोपऱ्यावर वळते, मधे मोकळी जागा सोडते. इथे मात्र गोल, घुमटासारखा ढीग होता. कोटाला 'आत' असते. राजाला राहायला जागा लागते. या बांधकामाला आतली जागाच नव्हती. वीट थेट मध्यापर्यंत भरलेली होती. अशी भरीव वास्तू एकच : स्तूप.

१०/
स्तूपाला दालन नसते, पण गाभा असतो. भगवानलालांना हे ठाऊक होते, म्हणून त्यांनी कडेला न खणता माथ्यावरून मध्यभागी सरळ खाली जाणारा खड्डा घेतला. विटांच्या थरांमधून उतरत गेल्यावर विटांनीच बांधलेली एक लहान कोठडी लागली. तिच्यात दगडाची गोल पेटी होती. दोन सारखे अर्धगोल एकमेकांवर पालथे बसवावेत तशी तिची घडण. अनेक शतके त्या पेटीवर माणसाची नजर पडली नव्हती.

११/
पेटी उघडली तेव्हा मध्यभागी तांब्याचा करंडक होता. त्याच्या आत चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, दगडाच्या आत स्फटिकाचा आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा. एकात एक पाच करंडक. त्यांच्यासोबत सोन्याची नाजूक फुले. आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात हिरे-माणके नव्हती. होते मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे अवशेष मानून पूजिले गेले असावेत, असे भगवानलालांचे मत होते. जगाच्या दृष्टीने ज्याला मोल नाही त्या खापरासाठी सोने हे निव्वळ वेष्टन झाले होते.

१२/
तांब्याच्या करंडकाभोवती धातूच्या आठ लहान मूर्ती वर्तुळाकार बसविलेल्या होत्या. विपश्यी, शिखी, विश्वभू, क्रकुच्छंद, कनकमुनी, काश्यप आणि गौतम हे सात बुद्ध, आणि आठवा मैत्रेय, म्हणजे भविष्यात येणारा बुद्ध. होऊन गेलेला आणि येणारा असा सगळा काळ त्या एका वर्तुळात बसविला होता. पेटीत चांदीचे एक नाणेही मिळाले. त्यावर सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे नाव होते.

१३/
इथून खरा पेच सुरू होतो. यज्ञश्री हा दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील राजा. नाणे चांगल्या स्थितीत होते. त्याच्या आधारे भगवानलालांनी स्तूपाचा काळ दुसरे शतक ठरविला. परंतु मूर्तींची शैली पाहणाऱ्या नंतरच्या अभ्यासकांना त्या आठव्या-नवव्या शतकातील वाटल्या. एकाच बंद पेटीतील दोन वस्तूंमध्ये सहाशे वर्षांचे अंतर! नाणे खरे, मूर्तीही खऱ्या. मग पेटी खोटे बोलते आहे काय?

१४/
उत्तर असे की, पेटी एकदाच बंद झाली नव्हती. मूळ स्तूप सातवाहनकाळात किंवा त्याही आधी उभा राहिला; काही शतकांनी कोणीतरी तो श्रद्धेने पुन्हा उघडला, नव्या मूर्ती ठेवल्या आणि गाभा पुन्हा विटांनी मिटविला. हे असंभाव्य नाही. नवव्या शतकात कान्हेरीच्या लेण्यांत बौद्ध संघाला दिलेल्या दानांचे लेख आहेत. शिलाहार त्या वेळी राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून उत्तर कोकणावर राज्य करीत होते. म्हणजे तोवर इथला बौद्ध धर्म जिवंत होता आणि 'कोट' तेव्हा कोट नव्हता. तो पूजेतला स्तूप होता.

१५/
हा पेच निर्विवादपणे सुटू शकला असता का? सुटला असता, जर विटांचे थर वाचले गेले असते. दुरुस्ती झाली की नव्या विटेचा आकार बदलतो, सांधा दिसतो, मातीचा रंग वेगळा पडतो. पण १८८२ मध्ये माथ्यावरून खड्डा घेऊन वस्तू मिळविणे हीच रीत होती. थरांची काटेकोर नोंद ठेवणारी पद्धत भारतात रुजली ती १९४४ नंतर, मॉर्टिमर व्हीलर यांच्या काळात. भगवानलालांचा हा दोष नव्हे. तो त्यांच्या काळाचा होता. तरीही गाभ्यावरचे थर एकदा निघाले ते निघालेच. १९३९-४० मध्ये पुरातत्त्व खात्याने तिथे पुन्हा काम केले, पण मधला भाग परत मिळणार नव्हता.

१६/
आता विदर्भाकडे वळू. वैनगंगेच्या काठी, भंडारा जिल्ह्यात, पवनी आहे. पवनीला मातीचा खराखुरा कोट आणि खंदक आहे. पण गावाजवळच्या 'जगन्नाथ टेकडी'ला कोणी स्तूप म्हणत नव्हते. ती देवळाची टेकडी होती. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या वतीने शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी उत्खनन केले, आणि टेकडीखालून विटांचा भव्य स्तूप प्रकटला. सोबत कठड्याचे कोरीव दगड आणि त्यांवर ब्राह्मीत दात्यांची नावे. इथे थर नोंदले गेले, म्हणून स्तूप कसकसा वाढत गेला हे सांगता येते. सोपारा आणि पवनी यांतील फरक कुदळीचा नाही, वहीचा आहे.

१७/
अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर हे आणखी जवळचे उदाहरण. वर्धेच्या काठी असलेल्या या गावाला लोक रुक्मिणीचे माहेर आणि भीष्मक राजाची राजधानी म्हणून ओळखतात. १९६२ ते १९६४ या काळात मोरेश्वर दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले. सातवाहनकालीन वस्तीचे आणि त्याहून जुन्या लोहयुगीन वस्तीचे अवशेष मिळाले. कुदळीने रुक्मिणीची कथा सिद्धही केली नाही आणि खोडलीही नाही. मात्र त्या टेकाडाखाली प्राचीन नगर आहे, ही लोकस्मृतीची मूळ जाणीव खरी ठरली.

१८/
लोकस्मृती लिहून ठेवली तर काय होते, याचे उत्तर मोर्शी तालुक्यातच आहे. रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे पवित्र क्षेत्र. तेराव्या शतकात श्रीगोविंदप्रभू इथे वावरले. पंथाच्या चौदाव्या शतकातील 'स्थानपोथी'त कोणते देऊळ कोणत्या दिशेला, प्रभू कुठे बसले, कुठे निजले, याची ठिकाणे नोंदली गेली आणि त्या जागी ओटे बांधले गेले. त्यामुळे सातशे वर्षांनंतरही ती स्थळे दाखविता येतात. सोपाऱ्याच्या स्तूपाला अशी पोथी लाभली नाही. भिक्षू गेले, नोंद उरली नाही, आणि बुद्धाचे भिक्षापात्र बुरूड राजाच्या किल्ल्यात हरवले.

१९/
तरीही त्या चुकीच्या नावाने एक उपकार केला. 'कोट' म्हटल्यामुळे लोकांच्या मनात ती जागा 'कोणाची तरी' राहिली. सर्वच ठिकाणी तसे झाले नाही. एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान लोहमार्गाच्या भरावासाठी हडप्पाच्या विटा गाड्या भरभरून नेण्यात आल्या. आंध्रातील अमरावतीच्या, म्हणजे आपल्या अमरावतीच्या नावबहिणीच्या, महास्तूपाचे दगडही अठराव्या शतकाच्या अखेरीस नव्या बांधकामासाठी उपसले गेले. तयार वीट फुकट मिळाली की भट्टी कोण लावणार?

२०/
वऱ्हाडातील धोका आणखी साधा आहे. जुन्या वस्तीच्या जागेवरची राखाडी-पांढरी माती, म्हणजे 'पांढरी', शेतासाठी खतासारखी उपयोगी पडते. शेकडो वर्षांची राख, शेण आणि हाडे तिच्यात मुरलेली असतात. म्हणून टेकाडे ट्रॉलीने उचलली जातात, घरांच्या भिंतींना ती माती लागते, आणि पाया खणताना निघालेली मोठी वीट गोठ्याच्या ओट्याला बसते. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. पण जो थर वावरात पसरला, तो कोणत्याही विद्यापीठाला पुन्हा रचता येत नाही.

२१/
अशा वेळी वीट ओळखता येणे उपयोगी पडते. प्राचीन, म्हणजे मौर्य-सातवाहन काळातील वीट मोठी असते : लांबी साधारण ४० सेंटिमीटरच्या आसपास, रुंदी २० ते २५ आणि जाडी ६ ते ८ सेंटिमीटर. मातीत मिसळलेल्या भाताच्या तुसाचे ठसे तिच्यात अनेकदा दिसतात आणि ती बहुधा चुन्यात नव्हे, चिखलात बसविलेली असते. मराठेकालीन वाड्याची वीट लहान, पातळ आणि चुन्यात जोडलेली असते. एका विटेवरून काळ ठरत नाही, कारण जुनी वीट नव्या भिंतीत शिरते. मात्र चार ओळी जागच्या जागी दिसल्या, तर ती भिंत काही सांगू पाहते आहे.

२२/
अशी भिंत दिसली तर खणू नये, वीट उचलू नये. जवळ मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, गट क्रमांक लिहून ठेवावा, आणि तहसील कार्यालय, जिल्हाधिकारी किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयास कळवावे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेली दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाची पुरलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. गावातील वृद्धांकडून त्या जागेचे नाव आणि कथा लिहून घेणे हेही तितकेच महत्त्वाचे. कथा चुकीची असू शकते. पण कथा जिथे बोट दाखविते ती जागा बहुधा चुकीची नसते.

२३/
सोपाऱ्याचे करंडक आणि आठ मूर्ती आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. सोसायटीचे टाऊन हॉल ज्या भागात आहे त्याला मुंबईकर 'फोर्ट' म्हणतात, आणि त्या फोर्टचे तट १८६० च्या दशकातच पाडले गेले. तट गेले, नाव राहिले. नालासोपाऱ्यात उलट घडले : तट कधी नव्हताच, तरी नाव पडले. दोन्ही ठिकाणी इतिहासाच्या विद्यार्थ्याला काम एकच असते. नाव ऐकून घ्यावे, जपून ठेवावे, आणि मग खाली वाकून वीट मोजावी.

(धागा समाप्त)